इटली आप्पा

सोनगीरला कोंबडा आरवायच्या आधी हातोडा वाजायचा. मुंबई-आग्रा रस्त्यावर, धुळ्याच्या उत्तरेला, मोटारीने अर्ध्या तासात येणारे हे आमचे गाव. वर टेकडीवर पडका किल्ला आणि खाली तांबटांची घरे. घंगाळ, हंडा, कळशी, बंब अशी सोनगीरची भांडी खानदेशातल्या कितीतरी मुलींच्या संसारात गेली. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा. मी मास्तरकी पत्करली आणि धुळ्याला राहू लागलो, पण अजून कुठे ठोक्यांचा आवाज आला की मान आपोआप त्या बाजूला वळते.

दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या दुकानात खरवईशेजारी एक पितळी डबा असे. वीतभर उंच, जाड बुडाचा, वरून कापलेला. त्यात दादा खिळे ठेवीत. इंग्रजी मुळाक्षरे शिकलो तेव्हा त्या डब्याच्या बुडावरची अक्षरे मी लावून पाहिली. सहाचा आकडा, पुढे पी आणि आर. मग सात, पुढे सी, डब्ल्यू, टी. एक बाण आणि १९४२ हे साल. ‘सहा पी. आर.’ म्हणजे ‘प्राइस सहा रुपये’ असा अर्थ मी काढला. आमच्या मास्तरांनाही तो पटला. दादांना विचारले तर ते एवढेच म्हणाले, “आप्पाचं आहे ते. हात नको लावू.”

आप्पा म्हणजे आमच्या घराच्या मागच्या गल्लीतले कुणबी गृहस्थ. आमचे नाते काही नाही, पण खेड्यात शेजार हेच नाते. दादांच्याच वयाचे, उंच, हडकुळे, डाव्या कानाने कमी ऐकणारे. आप्पांच्या खऱ्या नावाने त्यांना कोणी हाक मारीत नसे. गावाने त्यांना ‘इटली आप्पा’ करून टाकले होते. पारावर बसले की कोणीतरी मुद्दाम विचारायचे, “आप्पा, तिकडे थंडी किती होती हो?” आणि आप्पा भोळेपणाने हात गुडघ्यापर्यंत नेऊन सांगायचे, “बरफ व्हता रे भो, गुडघा गुडघा बरफ. मी काय खोटं सांगस का?” लगेच हशा पिकायचा. उन्हाळ्यात रस्त्याचे डांबर चपलेला चिकटते अशा आमच्या मुलखात, गुडघाभर बर्फात उभा राहिलेला माणूस म्हणजे चेष्टेचाच विषय.

त्या हशात मीही असे. नुसता असे असे नाही, एकदा तर मी पुढाकारच घेतला. १९६२ चा तो हिवाळा. चीनने हल्ला केला होता. गावोगाव संरक्षण निधी जमत होता आणि बायका अंगावरचे सोने काढून देत होत्या. आप्पा चाळिशी ओलांडलेले. एके दिवशी ठेवणीतले धोतर नेसून ते भरतीला म्हणून धुळ्याला गेले आणि संध्याकाळच्या मोटारीने परत आले. वय झाले म्हणून त्यांना घेतले नाही. आम्ही पोरे नाक्यावरच उभी होतो. मी बारा वर्षांचा, शाळेत भाषणाला बक्षिसे मिळवणारा, म्हणजे मोठा शहाणा. मी विचारले, “आप्पा, गांधीजी तुरुंगात होते तेव्हा तुम्ही इटलीत कोणासाठी लढत होता?”

पोरे हसली. आप्पांनी माझ्याकडे पाहिले, चांगल्या कानाने ऐकले होते हे नक्की. काही न बोलता ते घराकडे वळले. त्या दिवसानंतर ते पारावर इटलीची गोष्ट सांगेनासे झाले.

माझा प्रश्न तसा माझा नव्हताच. आमच्या भागाची हवाच तशी होती. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात पडले, ती सारी पोरेच. १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला, सुमारे साडेपाच लाखांचा, आणि तो पैसा साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या कामी गेला. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. उत्तमराव पाटील ही नावे आमच्या घरांतून देवादिकांसारखी घेतली जात. अशा मुलखात त्याच साली इंग्रजाच्या पलटणीत तोफ ओढणाऱ्याला जागा कुठली असणार? आप्पांच्या म्हाताऱ्या आईला त्या दिवसांत विहिरीवर टोमणे ऐकावे लागले, असे माझी आई सांगे. आणि तरीही दर महिन्याची मनीऑर्डर आली की गावातला सावकार पहिला दारात हजर. आप्पांची चार बिघे जमीन गहाण होती. १९४१ साली ते भरती झाले ते अठरा रुपये पगारासाठी आणि त्या चार बिघ्यांसाठी. माझ्या प्रश्नाचे उत्तर इतके साधे होते, पण ते मला कळायला पस्तीस-छत्तीस वर्षे जावी लागली.

१९८४ साली आप्पा गेले. मुलगा सुरतेला गिरणीत लागला होता. पुढे गिरणी बंद पडली आणि तोही खंगला. माय, म्हणजे आप्पांची बायको, मागे राहिली. जमीन दोन लग्नांत आणि एका आजारपणात संपली. १९९८ च्या सुमारास दिवाळीला मी गावी गेलो तेव्हा माय आमच्या ओट्यावर येऊन बसली. कोणीतरी तिला सांगितले होते की दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या शिपायांना पेन्शन नाही त्यांच्या विधवांना सरकार दरमहा काही रक्कम देते. पाच वर्षांच्या नोकरीला पेन्शन नसते. लढाई संपली, सैन्य कमी झाले आणि लाखोंच्या हातात दाखला देऊन त्यांना घरी पाठवले. आप्पांचा तो दाखला कुठे गेला हे मायला ठाऊक नव्हते. घर दोनदा गळले होते, एकदा उंदरांनी पेटी पोखरली होती.

मी तिला घेऊन एका कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने नम्रपणे ऐकून घेतले आणि तीन गोष्टी विचारल्या : नंबर, पलटण, सुटकेचा कागद. आमच्याजवळ तिन्हींपैकी एकही नाही. “मास्तर, या नावाचे शेकड्यांनी सापडतील,” तो म्हणाला, आणि त्याचे खरेच होते. परतताना मोटारीत माय खिडकीतून बाहेर बघत बसली होती. मला एकाएकी तो नाका दिसला आणि नाक्यावरचा बारा वर्षांचा शहाणा दिसला.

घरी येऊन दादांना हकीकत सांगितली. दादा तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले. हातोडा सुटला होता, पण दुकानात जाऊन बसण्याची सवय सुटली नव्हती. ते उठले, डब्यातले खिळे फडक्यावर ओतले आणि डबा माझ्या पुढ्यात ठेवला. त्या रात्री पहिल्यांदा त्यांनी मला त्या डब्याची गोष्ट सांगितली.

१९४६ साली आप्पा परत आले तेव्हा वळकटीत हातभर लांबीची पितळी नळी घेऊन आले. तोफेच्या गोळ्याचे रिकामे काडतूस. दादांकडे येऊन म्हणाले, याचा तांब्या करून दे. दादांनी बोटाने वाजवून पाहिले. धातू फार चांगला, सबंध ओढलेला, कुठे सांधा नाही. ते म्हणाले, “ज्याने माणसं मारली त्याचं पाणी कशाला पितोस?” आप्पा भट्टीपाशी बसून राहिले, आणि मग बोलले. आयुष्यात एकदाच, दादांजवळ.

त्यांच्या तोफेवर सहा जण. त्यांतला जोडीदार सातारकडचा. एका नदीकाठी पाऊस लागला होता, थांबायचे नाव नाही. नदी फुगली, पूल वाहून गेले, चिखलात तोफ चाकाच्या आसापर्यंत रुतली. ती बाहेर काढताना गोळा पडला आणि जोडीदार गेला. दहन करायचे, पण लाकडे ओली. खेड्यातल्या एका म्हातारीने आपल्या कोठारातली ऑलिव्हची सुकी लाकडे काढून दिली. तिला यांची भाषा येत नव्हती, यांना तिची. चिता पेटेपर्यंत ती तिथे पावसात उभी होती आणि छातीवर क्रूस काढीत होती. “मन्ही माय बी अशीच उभी ऱ्हाती,” आप्पा म्हणाले.

दादांनी तांब्या केला नाही. नळीचा वरचा भाग कापून, ठोकून, मठारून त्यांनी दोन निरांजने केली आणि मायला दिली. ती तेव्हा नवी नवरी होती. बुडाचा तुकडा दुकानात राहिला. दादांनी मजुरी घेतली नाही, आणि आप्पांनी ते कधी विसरू दिले नाही. दर दिवाळीला आमच्याकडे त्यांच्या शेतातली ज्वारी नाहीतर बाजरी यायचीच.

आता मी तो डबा नीट पाहिला. शाळेच्या ग्रंथालयात, मग धुळ्याला, मग पुण्याला पुस्तके चाळली, सैन्यातून निवृत्त झालेल्या एका परिचितांना विचारले. ते हसले. पी. आर. म्हणजे पाउंडर. सहा पाउंडी तोफ, रणगाड्यावर मारायची. सात सी-डब्ल्यू-टी हे त्या तोफेच्या नळीचे वजन, इंग्रजी हंड्रेडवेटात. म्हणजे माझी ‘प्राइस सहा रुपये’ इतकी वर्षे तोफेवर लादलेली होती! ही तोफ बुटकी, सबंध वजन टनाहून थोडे अधिक, पुढे एक पत्र्याची ढाल. मागे बसणाऱ्यांनी रणगाडा जवळ येईपर्यंत श्वास रोखून थांबायचे. लांबून मारले तर गोळा चिलखतावरून निसटतो आणि स्वतःची जागा मात्र कळते. पहिला नेम चुकला तर दुसऱ्याची संधी मिळेलच असे नाही. आप्पांचा डावा कान कशाने गेला हे मला तेव्हा कळले.

आणि मराठ्यांची अशी एक रेजिमेंट होती : चौथी मराठा अँटी-टँक रेजिमेंट. हिंदी सैन्याच्या आठव्या डिव्हिजनबरोबर ती इटलीत लढली. अंदाज बसत होता, पण अंदाजावर सरकार पैसे देत नाही. नंबर हवा होता.

तो नंबर बैलाच्या साजात सापडला. माय बोलता बोलता म्हणाली की पोळ्याला ‘तो तारा’ बैलाच्या कपाळावर बांधायचे. कसला तारा? आप्पांना मिळालेला. माळ्यावरून गोणपाटाचे गाठोडे खाली काढले. बैल विकून पंधरा वर्षे झाली होती. गोंडे, घागरमाळा, शिंगांच्या शेंब्या, सगळे काळवंडलेले. त्यांत सुतळीत ओवलेला सहा टोकांचा तारा, फीत केव्हाच गेलेली. दादांनी चिंच मागवली. त्यांचे हात थरथरत होते, पण चिंचेने पितळ घासायचे त्यांना कोणी शिकवायला नको. समोरून ‘इटली स्टार’ ही इंग्रजी अक्षरे उमटली. उलटा करून घासला, आणि मागच्या अंगाला आधी नंबर, मग हुद्दा, मग आप्पांचे नाव. इंग्रज शिपायांचे तारे नाव न घालताच वाटले होते म्हणतात. हिंदी सैन्याने मात्र नावे कोरली. या एका गोष्टीसाठी मी त्या सरकारला दुवा दिला. माय जवळ आली, अक्षरांवरून बोट फिरवीत विचारू लागली, यात त्याचे नाव कोणते? मी तिचे बोट धरून त्यावर ठेवले.

तोफखान्याचे दप्तर नाशिक रोडला आहे. तिकडे अर्ज केला, ताऱ्याची नक्कल जोडली. चार महिन्यांनी उत्तर आले, टंकलेखन केलेल्या सात ओळींचे. भरती १९४१. सुटका १९४६. रेजिमेंट तीच. परदेशी सेवा : इराक, सीरिया, इटली. वागणूक : चांगली. एका माणसाची पाच वर्षे सात ओळींत बसली होती. तरी त्या सात ओळींवर मायचे काम झाले. पहिली रक्कम आली तेव्हा तिने त्यातून पेढे आणले आणि पारावर बसलेल्या सगळ्यांना स्वतः वाटले.

इथे खरे म्हणजे माझे काम संपायला हवे होते. पण कागद वाचून दाखवल्यावर माय म्हणाली, “माले त्यानी काहीच सांगं नही. तठे त्याले भाकर मिळे का?”

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी ती सारी मोहीम वाचून काढली. सप्टेंबर १९४३ मध्ये आठवी डिव्हिजन टारांटो बंदरात उतरली. नोव्हेंबरात सांग्रो नदी, पुढे मोरो. मोरोवर एक पूल होता ज्याला लोक ‘अशक्य पूल’ म्हणत. अलीकडून बांधायला जागाच नव्हती, तेव्हा हिंदी सॅपर्सनी सामान पलीकडे नेले आणि शत्रूच्या बाजूने आपल्या बाजूकडे, असा उलटा पूल बांधला. आमच्याकडे एखादा गवंडी असे म्हणाला तर त्याला वेड्यात काढतील. मग ११ मे १९४४ ची रात्र, कॅसिनोच्या खाली गारी नदी; अकरा वाजता हजाराहून अधिक तोफा एकदम सुटल्या. त्या रात्री चिमठाण्याच्या लुटीला महिनाही झाला नव्हता, आणि गांधीजी सुटून जेमतेम पाच दिवस झाले होते. ही तारखांची जोडणी मी करतो आहे. आप्पांना नदीपलीकडे तोफ न्यायची होती. पुढे फ्लॉरेन्स, मग आपेनाइन्सचे डोंगर आणि १९४४-४५ चा हिवाळा. बर्फ होता. गुडघा गुडघा होता. डोंगरात मालाची ने-आण खेचरांवर चाले, आणि आप्पांना खेचरांची भाषा येत असे, ती कुठून आली हेही उलगडले. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदी आणि २ मे ला इटलीतली लढाई थांबली.

त्या मोहिमेत सुमारे पन्नास हजार हिंदी सैनिक होते, त्यांतले ५,७८२ परतले नाहीत. त्या आघाडीवर वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, सहा हिंदी सैनिकांना. त्यांतले दोन मराठा पलटणीचे : कुलाबा जिल्ह्यातले यशवंत घाडगे, जे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडले, आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव, ज्यांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओकाठी गाजवले आणि जिवंत परत आले. मोंतोने गावात २०२३ साली घाडग्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारले. ही नावे राहिली ते चांगलेच झाले. आप्पांसारख्यांना राहण्यासारखे काही केल्याचे त्यांनाही वाटत नसे. वेल्समधला एखादा नातू त्याच्या गोलंदाज आजोबांचा माग काढायला निघाला, तर लंडनजवळ क्यूच्या दप्तरखान्यात पलटणीची रोजनिशी त्याच्या पुढ्यात येते. आमच्या धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात शेकडो वर्षांची बाडे जपून ठेवली आहेत, आणि आमच्या स्वतःच्या माळ्यावर बैलाच्या गोंड्यात तारा.

भाकरीचे मी मायला सांगितले की शिधा आपलाच असे, आटा, डाळ, गूळ, चहा. भाकरी मात्र नसावी, गव्हाची रोटी. तिला ते फारसे पसंत पडले नाही. “ज्वारी नही?” एवढेच ती म्हणाली.

पुढे माझा एक जुना विद्यार्थी नोकरीसाठी मिलानला गेला. त्याला मी सांग्रोच्या स्मशानभूमीत जायला सांगितले. तिथे ज्यांना अग्नी दिला त्या हिंदी सैनिकांचे वेगळे स्मारक आहे, पाचशेहून अधिक नावांचे. त्याने फोटो पाठवले. समोर दरी, दूरवर समुद्र, भोवती ऑलिव्हची झाडे. नावांच्या ओळीत आप्पांच्या रेजिमेंटची काही नावे आहेत. त्यांतले जोडीदाराचे कोणते, हे सांगणारा आता कोणी नाही. आप्पांनी दादांना नाव सांगितले असेल, तर दादांनी ते आपल्याबरोबर नेले. मी त्या सगळ्याच नावांचा फोटो मोठा करून मायकडे नेला होता. तिने तो देव्हाऱ्याशेजारी लावला. तिला वाचता येत नव्हते, त्यामुळे तिच्या दृष्टीने त्यांतले प्रत्येक नाव त्या जोडीदाराचेच होते.

माय गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. तिच्या नातीने घर सोडलेले नाही; ती शिवणकाम करते, मुले शाळेत आहेत. गेल्या धनत्रयोदशीला मी सोनगीरला होतो. तांबटआळीत ठोके आता थोड्याच घरांतून येतात. संध्याकाळी तिच्याकडे गेलो तर तिचा धाकटा मुलगा निरांजने चिंचेने घासत बसला होता. मला पाहून त्याने एक उलटे करून दाखवले आणि विचारले, “बाबा, यावर ठोके कोणाचे?”

मी म्हटले, “माझ्या वडिलांचे.”

“आणि पितळ?”

त्याची आई आतून तेल-वात घेऊन आली. मी ओट्यावर बसलो आणि टारांटोपासून सांगायला सुरुवात केली.